घरच्या कारखान्यांतील विजेची तार किती जाड असावी?

आपल्या वऱ्हाडांत घराच्या मागील आवारांत टिनाचें छप्पर घालून लहानसा कारखाना काढण्याची रीत आतां पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडते. कोठें सुतारकामाचें रंधायंत्र, कोठें ड्रिल आणि ग्राइंडर, कोठें पिठाची गिरणी. अकोला शहर डाळीच्या गिरण्यांविषयीं प्रसिद्धच आहे. आणि तेथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें (स्थापना १९६९) लहान डाळगिरणीचें यंत्र तयार करून दिल्यामुळें तो धंदा घरच्या घरींही करितां येऊं लागला आहे. उन्हाळा तोंडावर आला म्हणजे अमरावतीस काय किंवा अकोल्यास काय, पत्रा कापून कूलर बांधणारांची व जुने कूलर नीट करणारांची गल्लोगल्लीं घाई उडते. यंत्र विकत घेतांना घरांतील वडील मंडळी दहा दुकानें हिंडतात, भावाची घासाघीस करितात, मोटर कोणत्या कंपनीची हें चारदां विचारतात. परंतु त्या यंत्रापर्यंत वीज नेणाऱ्या तारेचा प्रश्न निघाला कीं, 'वायरमन टाकील ती' एवढ्यावर तो मिटतो. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. यंत्र बिघडलें तर तें उचलून दुरुस्तीस नेतां येतें. तार भिंतींत पुरलेली असते, आणि तिचा दोष पुष्कळदां आगीच्या अथवा धक्क्याच्या रूपानेंच प्रथम कळून येतो.

तेव्हां तार किती जाड असावी, हें ठरविण्याचें गणित इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यास सहज करितां येईल अशा रीतीनें येथें मांडण्याचा आमचा विचार आहे. वडिलांनीं तें पडताळून पाहावें आणि मग वायरमनशीं बोलावें.

या शास्त्राचे दोन मूळपुरुष घरच्या कारखान्याशीं निकट संबंध असलेलेच होते. जॉर्ज ओहम हा जर्मनींतील एका कुलूपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा. पूर्वीं जेझुइट पाद्र्यांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोलोन येथील शाळेंत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि तेथील उपकरणांवर प्रयोग करीत असे. तारेची लांबी वाढविली तर विद्युत्प्रवाहास होणारा रोध त्याच प्रमाणांत वाढतो, जाडी म्हणजे छेदाचें क्षेत्रफळ वाढविलें तर तो त्याच प्रमाणांत कमी होतो, हें त्यानें दाखवून दिलें. त्याचा ग्रंथ १८२७ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरा जेम्स जूल. हा इंग्लंडांतील एका मद्यनिर्मात्याचा मुलगा असून त्यानें आपले प्रयोग घरींच मांडिले होते. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, असा नियम त्यानें १८४१ सालीं मांडिला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. पातळ तारेवर एक यंत्र सुखानें चाललें म्हणून त्याच तारेवर दुसरें व तिसरें जोडण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनीं हा वर्ग विसरूं नये.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. मीटर व मुख्य बोर्ड घराच्या दर्शनी भिंतीवर आहे. मागील टिनाच्या शेडपर्यंत तार भिंतीच्या कडेनें फिरवून न्यावयाची, म्हणजे सुमारें शंभर फूट, अर्थात् ३० मीटर अंतर पडतें. शेडमध्यें एका फेजवर चालणारी २ अश्वशक्तीची मोटर बसवावयाची आहे.

एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट, तेव्हां दोहोंचे १४९२ वॅट. परंतु हें काम मोटर दांड्यावर देते. विजेकडून ती याहून अधिक घेते. लहान मोटरीची कार्यक्षमता शेंकडा ७५ धरली तर घेतलेली शक्ति सुमारें २००० वॅट होते. शिवाय अशा मोटरींत प्रवाह व दाब एकाच वेळीं चढत उतरत नाहींत. म्हणून आणखी ०.८ नें भागावें लागतें. या अंकास पॉवर फॅक्टर म्हणतात. २००० भागिलें २३० गुणिलें ०.८, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. मोटरीच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात; पाटी वाचतां आली तर हा सगळा हिशेब करण्याचें कारण नाहीं, पाटीवरचाच अंक खरा मानावा. मात्र एक गोष्ट पाटीवर सहसा लिहिलेली नसते. मोटर सुरू होते त्या क्षणीं ती पांच ते सहापट प्रवाह ओढते. म्हणजे आपली मोटर पहिल्या एकदोन सेकंदांत सुमारें ६० अँपिअर घेईल.

बाजारांत तार तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून विकली जाते: एक, दीड, अडीच, चार, सहा चौरस मिलिमीटर. दुकानदार नुसतें 'दीडची', 'अडीचची', 'चारची' असें म्हणतो. जुने वायरमन अजूनही 'तीन बावीस', 'सात वीस' अशी भाषा बोलतात, तिनें गोंधळून जाऊं नये. पहिला अंक तारेच्या पिळांतील धाग्यांचा, दुसरा इंग्रजी गेजचा. आणि गेजचा अंक वाढला कीं धागा बारीक होतो. बावीस गेजचा धागा ०.७११ मिलिमीटर व्यासाचा असतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र लावून तीन बावीसचें क्षेत्रफळ विद्यार्थ्यांनीं काढावें. तें सुमारें १.२ चौरस मिलिमीटर येईल. वीस गेजचा धागा ०.९१४ मिलिमीटरचा, त्यावरून सात वीस म्हणजे सुमारें ४.६. म्हणजे सात वीस ही आजच्या चारच्या तारेहून किंचित् जाड आणि तीन बावीस ही दीडच्याहून पातळ.

तांब्याच्या एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर जाड तारेचा रोध २० अंश उष्णतेवर ०.०१७२ ओहम असतो. तार तापली कीं रोध वाढतो. चालू कामांत तो ०.०२ धरावा, म्हणजे हिशेबही सोपा होतो. आपलें अंतर ३० मीटर असलें तरी वीज जाऊन परत यावयाची असल्यामुळें तार ६० मीटर धरिली पाहिजे. (परीक्षेंत हा दुसरा फेरा विसरणारे विद्यार्थी पुष्कळ, घर बांधणारेही कमी नाहींत.) ६० गुणिलें ०.०२ म्हणजे १.२, यास तारेच्या क्षेत्रफळानें भागिलें कीं रोध मिळतो. दीडच्या तारेचा ०.८ ओहम, अडीचच्या तारेचा ०.४८, चारच्या तारेचा ०.३, सहाच्या तारेचा ०.२.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली उष्णतेची. दीडच्या तारेंतून ११ अँपिअर नेले तर ११ चा वर्ग १२१, त्यास ०.८ नें गुणिलें म्हणजे जवळजवळ ९७ वॅट होतात. जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा भिंतींतील नळींत लांबवर पसरून दिवसभर जळत ठेवावा, तसें हें झालें. आणि त्या उष्णतेचे पैसे मीटर घेतोच. चारच्या तारेंत हाच व्यय ३६ वॅटांवर येतो.

दुसरी गोष्ट दाबाची. प्रवाहास रोधानें गुणिलें म्हणजे वाटेंत किती व्होल्ट खर्ची पडले तें समजतें. दीडच्या तारेंत ११ अँपिअरला ८.८ व्होल्ट जातात. तें एक वेळ चालेल. परंतु मोटर सुरू होतांना ६० अँपिअरला ४८ व्होल्ट जातात! मे महिन्याच्या संध्याकाळीं, साऱ्या मोहल्ल्यांत कूलर व फ्रीज चालू असतांना, घरापर्यंत वीज मुळांतच २३० ऐवजीं २०५ व्होल्टनें आली असें समजा. मोटरीपाशीं ढोबळ मानानें १५७ व्होल्ट उरले. मोटरीचा सुरू होण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. १५७ भागिलें २३० याचा वर्ग ०.४७. म्हणजे निम्माही जोर राहिला नाहीं. अशा वेळीं मोटर नुसती घुमते, फिरत नाहीं, ते ६० अँपिअर एकदोन सेकंदांऐवजीं मिनिटभर ओढीत राहते आणि जळते. मग दोष मोटरीच्या कंपनीस! चारच्या तारेंत याच वेळीं १८ व्होल्ट जातात, १८७ उरतात, आणि दोनतृतीयांश जोर शिल्लक राहतो.

आतांपर्यंतचा हिशेब कोणत्याही गांवास लागू पडेल. यापुढचा मात्र आमच्या वऱ्हाडचा आहे.

तारेवरील पीव्हीसीचें वेष्टन सामान्यतः ७० अंशांपर्यंतची उष्णता सोसण्यासाठीं केलेलें असतें. त्यापुढें तें हळूहळू कडक होतें, तडकतें, आणि शेवटीं तांबें उघडें पडतें. एखादी तार किती अँपिअर सोसते याचे जे तक्ते भारतीय मानकांवरून छापलेले असतात, ते भोंवतालची हवा ४० अंश धरून केलेले असतात. नळींत घातलेल्या तांब्याच्या दोन तारांस सुमारें असे अंक दिसतात: दीडचीस १३ अँपिअर, अडीचचीस १८, चारचीस २४, सहाचीस ३१. परदेशी पुस्तकांतील अंक यांहून मोठे असतात, कारण युरोपांतील तक्ते ३० अंशांची हवा धरून चालतात. ते पाहून येथें तार घेणें म्हणजे लंडनच्या हवेसाठीं शिवलेला कोट घालून मे महिन्यांत अकोल्याच्या बसस्थानकावर उभें राहण्यासारखें आहे.

अकोल्याचा पारा उन्हाळ्यांत ४५ अंशांच्या वर जातो. मे २०२४ मध्यें तर उष्णतेच्या लाटेमुळें जिल्हाधिकाऱ्यांस तेथें कलम १४४ लागू करावें लागलें होतें. हा पारा सावलींतील. तापलेल्या टिनाच्या खालीं, छताला लागून जी नळी जाते तिच्याभोंवतीं ५० अंश उष्णता धरणें मुळींच जास्त होणार नाहीं. हवा ४० अंश असतां तारेस ७० पर्यंत तापण्यास ३० अंशांची मोकळीक होती. आतां २० अंशांचीच उरली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें असल्यामुळें २० भागिलें ३० याचें वर्गमूळ काढावें: ०.८२. तक्त्यांतील प्रत्येक अंकास यानें गुणावें. अडीचच्या तारेचे १८ अँपिअर होते ते १४.७ झाले. चारचीचे २४ होते ते १९.६ झाले. एकाच नळींत तारांचे आणखी जोड कोंबले तर हे अंक याहूनही खालीं येतात.

येथें एमसीबीचा विचार करणें प्राप्त आहे. मुख्य बोर्डावरील एमसीबी (पूर्वीं त्या जागीं चिनी मातीचा फ्यूज असे) यंत्राच्या रक्षणासाठीं आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. एमसीबी तारेचा पहारेकरी आहे. म्हणून त्याचा अंक यंत्राच्या प्रवाहाहून मोठा, परंतु तारेच्या सोसण्याच्या मर्यादेहून लहान असा असावा. आपल्या मोटरीस ११ अँपिअर लागतात. १० चा एमसीबी पुरत नाहीं, म्हणून १६ चा घ्यावा. मोटरीसाठीं तो 'सी' जातीचा असावा, कारण त्या जातीचा एमसीबी आपल्या अंकाच्या पांचपटीपर्यंतचा, म्हणजे येथें ८० अँपिअरपर्यंतचा, क्षणिक धक्का झेलतो आणि मोटर सुरू होतांना उगीच पडत नाहीं. आतां पाहा: ४० अंशांच्या तक्त्याप्रमाणें अडीचची तार १८ अँपिअर सोसत असल्यामुळें १६ च्या एमसीबीखालीं ती बिनधोक ठरली असती. आमच्या टिनाखालीं ती १४.७ वर आली. पहारेकरी जागा होण्यापूर्वींच घर लुटलें जाणार. चारची तार १९.६ सोसते. तेव्हां या उदाहरणाचें उत्तर चार चौरस मिलिमीटर, हें आहे. दाबाच्या हिशेबानेंही तेंच योग्य ठरलें होतें.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागीं ३२ चा बसवून देणारे वायरमन असतात, आणि त्यांस 'हुशार' म्हणणारे घरमालकही असतात. तार तीच ठेवून एमसीबी मोठा करणें म्हणजे पहारेकऱ्यास झोपेचें औषध देणें होय.

शेडमधील दिवे व पंखा यांची ओळ निराळी ठेवावी. तिला दीडची तार पुरे. मोटर अडकून एमसीबी पडला तर निदान फिरत्या यंत्राजवळ अंधार तरी होत नाहीं. वेल्डिंगचें लहान इन्व्हर्टर यंत्र असेल तर तें एकटेंच २० ते ३० अँपिअर घेऊं शकतें. त्यास सॉकेटमधून वीज देऊं नये, पाटीवरील अंक पाहून त्याची ओळ स्वतंत्र काढावी. असा भार वाढला कीं महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. आणि घरगुती जोडणीवर धंदा चालविणें हा विद्युत् अधिनियम २००३ प्रमाणें अनधिकृत वापर ठरूं शकतो, हेंही वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सांपडतात. त्यांचा रोध तांब्याच्या सुमारें १.६४ पट असतो, आणि तांब्याशीं नुसता पीळ देऊन केलेला त्यांचा जोड कालांतरानें सैल होऊन तापतो. कारखान्याची नवी ओळ अशा तारेस जोडूं नये, मुख्य बोर्डापासून नवीनच न्यावी.

राहिला प्रश्न जिवाचा. दर उन्हाळ्यांत विदर्भांतील वृत्तपत्रांतून कूलरचा धक्का लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुलेंही असतात. पत्र्याची पेटी, आंत पाणी, बाहेर ओली फरशी, आणि तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, तोडलेली किंवा कधीं जोडलेलीच नाहीं. कारखान्यांतील यंत्राचा सांगाडाही असाच लोखंडी असतो. म्हणून फेजच्या व न्यूट्रलच्या तारेबरोबर तेवढ्याच जाडीची हिरवी तार सांगाड्यापासून जमिनींतील अर्थिंगपर्यंत अखंड गेली पाहिजे.

परंतु अर्थिंग आहे म्हणून निश्चिंत होतां येत नाहीं, याचें कारण गणितच सांगेल. खड्ड्यांतील अर्थिंगचा रोध १० ओहम व ट्रान्सफॉर्मरकडील २ ओहम धरूं. फेजची तार सुटून सांगाड्यास लागली तर २३० भागिलें १२, म्हणजे १९ अँपिअर जमिनींत वाहतील. १६ चा एमसीबी १९ अँपिअरनें तासभरही पडला नाहीं तरी तो सदोष म्हणतां येणार नाहीं. त्याची घडणच तशी आहे. आणि तोंपर्यंत सांगाड्यावर १९ गुणिलें १०, म्हणजे १९० व्होल्ट उभे असतील! हा घात आरसीसीबी नांवाचें साधन टाळतें. फेजनें गेलेला प्रवाह न्यूट्रलनें परत आला कीं नाहीं एवढेंच तें तोलून पाहतें, आणि ३० सहस्रांश अँपिअरचाही फरक पडला तर सेकंदाच्या तीन दशांशांच्या आंत वीज तोडतें. एमसीबी तारेसाठीं, आरसीसीबी माणसासाठीं. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं. त्यावरील परीक्षेचें बटण अधूनमधून दाबून पाहावें.

आमची काळी माती या बाबतींत फार लहरी आहे. पावसाळ्यांत ती ओली, फुगलेली, विजेस उत्तम वाट देणारी. चैत्रवैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती अर्थिंगच्या नळापासून सुटते, आणि श्रावणांत ५ ओहम दाखविणारा खड्डा मे महिन्यांत त्याच्या कित्येक पट दाखवूं शकतो. कूलर व मोटरी सर्वांत अधिक चालतात ते दिवसही हेच. म्हणून खड्ड्यांत उन्हाळाभर पाणी घालीत जावें, आणि त्याची मोजणी पावसाळ्यांत न करितां मे महिन्यांत करून घ्यावी. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाण पट्ट्यांत, निराळाच प्रकार आहे. तेथील खारट जमीन वीज चांगली वाहते, परंतु लोखंडी नळ लौकर खाऊन टाकते. वर झांकण व्यवस्थित दिसतें आणि खालीं नळ गंजून तुटलेला असतो. तेथें नळाची जोडणी दरवर्षीं उघडून पाहावी.

हें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावयाचें आहे; विद्यार्थ्यांनीं बोर्ड उघडूं नये. त्यांनीं कागद व पेन्सिल घेऊन यंत्राच्या पाटीवरील अँपिअर, मुख्य बोर्डापासून शेडपर्यंत तार जाईल त्या वाटेचें टेपानें मोजलेलें अंतर, आणि छपराचा प्रकार एवढें लिहून वडिलांच्या हातीं द्यावें. ओळ पूर्ण झाल्यावर वायरमनकडून एक मोजणी मागावी. मोटर बंद असतां मुख्य बोर्डावर व शेडमध्यें किती व्होल्ट आहेत, आणि ती भारावर चालूं लागल्यावर दोन्ही जागीं किती उरतात, हे चार अंक लिहून घ्यावे. शेडमधील घटींतून मुख्य बोर्डावरील घट वजा केली म्हणजे केवळ आपल्या तारेची घट मिळते. आपल्या उदाहरणांत ती सुमारें ३.३ व्होल्ट यावयास पाहिजे. आठ किंवा नऊ आली तर तार सांगितली त्याहून पातळ पडली आहे, अथवा वाटेंत एखादा सैल जोड तापत आहे. आणि तो जोड भिंत लिंपण्यापूर्वींच शोधावा.